दर आठवड्याला घसा बसतोय? काढ्याआधी पट्टी तपासा

जुलैपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत माझा घसा अकरा वेळा बसला. अंदाजाने सांगत नाही, वहीत तारखा आहेत. सोमवारी उत्साहाने रियाजाला बसायचं, बुधवारी आवाज जड, शुक्रवारी वरचे स्वर गायब, मग दोन-तीन दिवस गाणं बंद. आवाज मोकळा झाला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. क्लासची फी न भरता, घरच्या घरी मोबाइलवर बघून गाणं शिकणाऱ्या ज्या कुणाचं गाडं असं दर आठवड्याला एकाच ठिकाणी रुततं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. दोष माझ्या पट्टीत होता, म्हणजे ज्या उंचीवर सा लावून गायचे त्यात. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर चार महिने वाचले असते.

मी नाशिकच्या पंचवटीत राहते आणि दिंडोरी रोडने पुढे एका गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात ३८ मुलं. गाणं शिकायची इच्छा शाळकरी वयापासूनची, पण तेव्हा घरात ते परवडणारं नव्हतं. आता मुलाच्या शिक्षणाचा खर्च समोर असताना स्वतःच्या गाण्यासाठी दरमहा फी काढून ठेवणं जिवावर येतं. त्यामुळे माझं सामान एवढंच: फोन, त्यातलं फुकटचं तानपुऱ्याचं ॲप, व्हिडिओवरचे धडे आणि सावानातून, म्हणजे १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलेलं संगीताच्या प्रारंभिक परीक्षेचं एक पुस्तक. पेटी घरी नाही. ती विकत घ्यायची घाई करू नका असंच मी सांगेन. का ते पुढे येईल.

काढे का चालले नाहीत

घसा बसला की घरातलं प्रत्येक जण वैद्य होतं. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, आलं-मध झालं, तुळशीचा काढा झाला, खडीसाखर-मिरी झाली. थंड पाणी बंद, दही बंद, चिंच बंद. दोन दिवसांनी आवाज सुटायचा आणि श्रेय काढ्याला मिळायचं. खरं तर त्या दोन दिवसांत मी गात नव्हते, म्हणून सूज उतरत होती. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

एक गोष्ट समजून घेतली की घोळ मिटतो. आपण पितो ते पाणी, चघळतो तो ज्येष्ठमध, करतो त्या गुळण्या, यातलं काहीच स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात आणि खाल्लं-प्यायलेलं अन्ननलिकेतून जातं. पाण्याचा थेंब जरी चुकून तिकडे गेला तर जो जोरात ठसका लागतो, तो त्याचाच. गुळण्यांनी वरचा घसा शेकला जातो, बरं वाटतं, तेवढ्यापुरतं ठीक आहे. पाणीही प्यायलाच हवं, पण ते आधी अंगात मुरतं आणि मग कितीतरी वेळाने स्वरतंतूंना ओलावा मिळतो. म्हणून गायला बसताना गटागटा पिण्यापेक्षा सकाळपासून घोटघोट पीत राहा. वाफ मात्र थेट तिथपर्यंत जाते. साध्या पाण्याची वाफ, त्यात काही टाकायची गरज नाही.

ज्येष्ठमधाबद्दल एक सावधगिरी. माझं बघून सासूबाईही रोज चघळायला लागल्या होत्या. त्यांना रक्तदाब आहे. डॉक्टरांनी ऐकल्याबरोबर बंद करायला सांगितलं, कारण जास्त ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. घरात कुणाला हा त्रास असेल तर एवढं लक्षात ठेवा.

आणि घसा बसलेल्या दिवशी मी वर्गात कुजबुजत शिकवायचे, आवाजाला आराम म्हणून. जोर लावून कुजबुजल्याने घशावर ताण येतोच. त्याऐवजी हळू, पण नेहमीच्या आवाजात, थोडकं बोलावं.

हजेरीची वही

शेवटी एक जुनी हजेरीची वही काढली आणि रकाने आखले. तारीख, शाळेत किती तास बोलले, काय गायले, कुठल्या स्वरापर्यंत गेले, किती मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज कसा होता. दोन मिनिटांचं काम. तोवर माझी ठाम समजूत होती की दोष शाळेचा आहे, दिवसभर मुलांवर ओरडून घसा जातो. पण गौरी-गणपतीच्या सुट्टीत, शाळा बंद असताना, घसा दोनदा बसला होता. आणि ज्या दिवशी शाळेत सहा तास घेऊन रात्री नुसता ओंकार आणि खालचे चार स्वर म्हटले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी आवाज स्वच्छ होता.

तीन आठवड्यांची पानं शेजारी शेजारी ठेवल्यावर उघड दिसलं. व्हिडिओबरोबर पूर्ण सप्तक म्हटलं की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी घसा बसतो. प्रत्येक वेळी. तुम्हीही बाकी काही बदलण्याआधी ही वही सुरू करा, कारण माझं कारण तेच तुमचं असेल असं नाही.

पेटीवाल्या काकांनी काय केलं

कार्तिकी एकादशीला आमच्या जवळच्या मंदिरात भजन होतं. मी मागे बसून टाळ धरला होता, गात नव्हते. भजन संपल्यावर पेटी वाजवणाऱ्या काकांनी विचारलं, "बाई, तुम्ही शिकताय असं ऐकलं. मग तोंड बंद का?" मी घशाचं रडगाणं सांगितलं. त्यांनी पेटी पुन्हा उघडली.

"सा लावा तुमचा."

मी लावला.

"हा कुठला?"

"काळी एक."

"कुणी दिली?"

"व्हिडिओतल्या सरांची आहे."

(पेटीच्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांना सप्तकाच्या सुरुवातीपासून असे क्रमांक असतात.) काका काही बोलले नाहीत. डाव्या हाताने भाता हलवत उजव्या हाताचं एक बोट त्यांनी माझ्या सा वर ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या बोटाबरोबर खाली उतरत या. आकारात, नुसतं आऽ म्हणत. जिथे घरघर होईल तिथे थांबा." पांढरी एक, मग तिच्या डावीकडची पांढरी सात, काळी पाच, पांढरी सहा. मी उतरत होते. काळी चार, पांढरी पाच, काळी तीन. आवाज बारीक झाला होता पण टिकत होता. पांढरी चार, पांढरी तीन, काळी दोन. पांढरी दोनला नुसती हवा आणि खरखर. काकांनी बोट परत काळी दोनवर नेलं. "हा टिकतो. हा तुमचा खालचा पंचम धरा. आता वर चला. प, ध, नि, सा." आम्ही काळी चारवर येऊन थांबलो.

"आता इथे तुमचं नाव सांगा. गाऊ नका, सांगा."

मी त्या स्वरात नाव सांगितलं. ते इतकं सहज आलं की मला ते गाणं वाटलंच नाही. मी तसं म्हणालेही. काका म्हणाले, "पंधरा दिवस इथेच राहा. पंचमाच्या वर जाऊ नका. मग बोलू."

घरी येऊन मी त्यामागचा हिशोब समजून घेतला, आणि सगळ्यात जास्त पटलं ते तिथेच. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. तेवढं खाली माझा आवाज जातच नाही, म्हणून मी नकळत एक सप्तक वर, २७७ कंपनांवर सा लावत होते. त्यामुळे माझा तार सा, म्हणजे सप्तकाच्या वरच्या टोकाचा सा, ५५४ वर गेला. काळी चारमध्ये माझा सा २०८ वर येतो आणि तार सा ४१५ वर. कंपनं म्हणजे स्वरतंतू एकमेकांवर तितक्या वेळा आपटणं. तार सा मिनिटभर धरायचा तर एकीकडे साधारण पंचवीस हजार वेळा आणि दुसरीकडे तेहेतीस हजारांच्या वर. शिवाय ते तेहेतीस हजार मी हनुवटी वर करून, मान ताणून, छातीचा आवाज तसाच वर खेचत काढत होते. घसा बसला नसता तरच नवल.

नाव सांगताना सहज वाटण्यालाही कारण आहे. मोठ्या बाईचा बोलण्याचा आवाज साधारण २०० कंपनांच्या आसपास असतो. सा त्याच्या जवळ आला की घशाला सवयीच्या जागेवरून सुरुवात करता येते.

काळी चार हीच सगळ्या बायकांची पट्टी असं मात्र समजू नका. कुणाची पांढरी पाच, कुणाची काळी पाच. पुरुष बहुतेक काळी एक ते काळी दोनच्या आसपास असतात, पण तिथेही फरक पडतो. तुमची तुम्हीच काढा. पेटी नसेल तर फोनवर पेटीचं किंवा पियानोचं फुकट ॲप घ्या, इअरफोन लावा आणि काकांनी केलं तेच करा. सगळ्यात खालचा जो स्वर पाच सेकंद न घरघरता टिकतो तिथून, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत, पाच घरं वर जा. तो तुमचा सा. मग त्या सा वरून हळू आवाजात तार सा पर्यंत जाऊन बघा. हनुवटी वर करावी लागली तर सा एक घर खाली घ्या. झोपेतून उठल्याउठल्या हे करू नका, तेव्हा आवाज नेहमीपेक्षा खाली असतो. सर्दीतही नको. तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि मधला आकडा धरा.

व्हिडिओचं काय करायचं

धडे चांगले असतात. अडचण एवढीच की व्हिडिओबरोबर शिकवणाऱ्याची पट्टीही घरात येते आणि आपण विचार न करता तिच्यात उभे राहतो. बाईने पुरुषाच्या धड्याबरोबर गायलं की माझ्यासारखं होतं, आणि पुरुषाने बाईच्या धड्याबरोबर गायलं की तोही अधांतरी लटकतो. म्हणून बरोबर गाऊच नका. एक ओळ ऐका, व्हिडिओ थांबवा, स्वतःचा तानपुरा स्वतःच्या पट्टीत लावा आणि ती ओळ सारेगममध्ये म्हणा. सुरुवातीला फार अवघड जातं, कारण ऐकलेला सूर कानात घुमत असतो. आठ-दहा दिवसांत कान वळतो. कॅराओके ट्रॅकवर गाणाऱ्यांनी पट्टी खाली-वर करायची सोय असलेलं ॲप वापरावं आणि मूळ गायक-गायिकेच्या पट्टीचा हट्ट सोडावा.

इथे मला पुस्तकाचं महत्त्व नव्याने कळलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपीची पुस्तकं छापली, आणि उत्तरायुष्यात ते आपल्या नाशकात रामनाम आधाराश्रमात राहिले. गाणाऱ्या घरात न जन्मलेल्या माणसालाही वर्गात बसून, पुस्तक उघडून गाणं शिकता यावं, ही त्यांची खटपट. ते १९३१ साली गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी जे मंडळ उभं केलं, त्याची प्रारंभिक परीक्षा आजही आपल्यासारखी माणसं देतात. त्या पुस्तकात सा लिहिलेला असतो, पण त्या सा ला पट्टी नसते. ती आपली आपण आणायची असते. वाचनालयाच्या वर्गणीत मिळणारं हे पुस्तक माझ्या घशाला व्हिडिओपेक्षा जास्त मानवलं. अलंकार, म्हणजे सरावाच्या स्वररचना, पुस्तकातून घ्याव्यात आणि गायचे कसे ते ऐकण्यापुरता व्हिडिओ ठेवावा, असं मी आता ठरवलं आहे.

फोन पातेल्यात ठेवू नका

पट्टी बदलल्यावर घसा बसणं पुष्कळ कमी झालं, पण थांबलं नाही. वहीत दुसरं कारण सापडलं: मी फार मोठ्याने गात होते, आणि ते तानपुऱ्यामुळे.

तानपुऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या सा ची. माझ्या पट्टीत ती १०४ कंपनांची येते. फोनचा नखाएवढा स्पीकर इतका खालचा आवाज नीट काढूच शकत नाही. आपल्याला ऐकू येतात ते वरचेवरचे पातळ स्वर, आणि पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटतं. त्यावर मी काढलेला उपाय म्हणजे फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करणं. आवाज वाढतो हे खरं. पण पातेल्यावर बोटाने टिचकी मारून बघा. त्याचा स्वतःचा एक टणत्कार असतो, आणि तानपुऱ्यातला त्याच्या जवळपासचा भाग तो भलताच फुगवतो. माझ्या पातेल्याचा सूर माझ्या सा च्या किंचित वर होता. मी महिनाभर पातेल्याला सूर मिळवत होते.

आता साधा तारेचा इअरफोन वापरते, रस्त्यावर दीडशे रुपयांना घेतलेला. एका कानात तानपुरा, दुसरा कान उघडा, म्हणजे स्वतःचा आवाज खोलीतून ऐकू येतो. दोन्ही कानांत तानपुरा लावला की त्यापुढे आपला आवाज कमी वाटतो आणि माणूस आपोआप जोर लावतो. तानपुरा इतकाच ठेवा की श्वास घेताना तो स्पष्ट ऐकू येईल आणि गाताना तुमच्या आवाजाखाली अंथरल्यासारखा राहील. ब्लूटूथचा इअरफोन तानपुऱ्याला चालतो. तबल्याला नको, त्यात आवाज किंचित मागे पडतो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते. घरात जुना म्युझिक सिस्टमचा स्पीकर पडून असेल तर त्याला फोन जोडा, खर्ज ऐकू येईल आणि आपण किती दिवस कशाशिवाय गात होतो ते कळेल.

शेजारी, भिंती आणि पाण्याचा ग्लास

दोन खोल्यांचं घर, पलीकडे बारावीचा मुलगा. मोकळ्या आवाजात गायची चोरी. मग दबून गायलं जातं, आणि दबलेला आवाज म्हणजे हवा जास्त, सूर कमी, घसा आवळलेला. हे ओरडण्याइतकंच वाईट. कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून गायलं तर आवाज बराच शोषला जातो, भिंतीवर गोधडी टांगली तर आणखी. पण मला खरा उपयोग झाला तो स्ट्रॉचा. घशाचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञही हा वापरतात.

स्टीलचा किंवा काचेचा ग्लास, अर्धा भरलेला. साधा स्ट्रॉ, दोन बोटं पाण्यात बुडेल एवढा. ओठ मिटून त्यातून हवा सोडत ‘ऊ’ म्हणायचं. पाण्यात बुडबुडे येतात आणि आवाज नाकातोंडात घुमत राहतो. शेजारी काही ऐकू जात नाही. आता सा वरून हळूहळू रे, ग, म, प करत वर जायचं आणि नजर बुडबुड्यांवर ठेवायची. सा ला ते एकसारखे येतात, भात शिजताना येतात तसे. माझ्या जुन्या पट्टीत हे करून बघितलं तेव्हा मध्यमाला बुडबुडे अडखळले आणि पंचमाला बंद पडले. आवाज येत होता, हवा येत नव्हती. म्हणजे मी पंचम घशाने आवळून काढत होते. काळी चारमध्ये तेच बुडबुडे पंचमापर्यंत एकसारखे चालले. चार महिने ज्या गोष्टीने छळलं ती त्या ग्लासात डोळ्यांना दिसली.

तेव्हापासून हा माझा मापदंड आहे. ज्या स्वराला बुडबुडे थांबतात त्या स्वरावर त्या दिवशी मोकळ्या आवाजात जायचं नाही. दुसरी तपासणी अंगठ्याची: हनुवटीखालच्या मऊ भागावर अंगठा ठेवून गा. तो भाग दगडासारखा झाला तर जिभेचं मूळ ताणलं जातंय. स्वर सोडा, एक घर खाली या, पुन्हा बघा.

डिसेंबरात पुन्हा

सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच डिसेंबरात तीन आठवडे रोज सकाळी आवाज घोगरा. संध्याकाळी बरा, सकाळी पुन्हा तसाच. सतत खाकरावंसं वाटायचं. घसा बसण्याची जुनी तऱ्हा अशी नव्हती: तेव्हा तो गायल्यानंतर बसायचा, आता न गाताही उठल्याउठल्या बसलेला. तऱ्हा बदलली की कारणही बदललंय असं समजावं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दुर्बिणीने बघितलं. शिक्षकांमध्ये स्वरतंतूंवर गाठी पुष्कळ आढळतात, माझ्या सुदैवाने नव्हत्या. मागच्या बाजूला लाली आणि सूज होती, आम्लपित्ताची. स्नेहसंमेलनाच्या तालमींमुळे घरी यायला उशीर, रात्री दहाला तिखट जेवण आणि साडेदहाला आडवं होणं. झोपेत पोटातलं आम्ल वर येतं आणि स्वरतंतूंना पोळतं. छातीत जळजळ होईलच असं नाही, मला अजिबात होत नव्हती. जेवण आणि झोप यात तीन तास, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. दोन आठवड्यांत सकाळचा आवाज सुटला. खाकरणंही बंद केलं, कारण प्रत्येक खाकरण्याला स्वरतंतू एकमेकांवर जोरात आदळतात. खाकरावंसं वाटलं की आवंढा गिळते किंवा घोटभर पाणी पिते.

त्याच महिन्यात पहाटे पाचच्या खर्जाच्या रियाजाचाही हट्ट सोडला. नाशकात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, हवा कोरडी असते. खिडकी उघडी टाकून, थेट अंथरुणातून उठून खर्ज लावणं माझ्या घशाला सोसलं नाही. आता थंडीत आधी चहाचं आधण ठेवते, त्याच गॅसवर पाणी गरम करून पाच मिनिटं वाफ घेते, मग दहा मिनिटं स्ट्रॉ, मग ओंकार.

शाळेत एक बदल केला तो मात्र फार मनापासून सांगते. वर्ग शांत करायला ओरडणं सोडलं. मी टाळीचा एक ठेका वाजवते, मुलं तोच ठेका परत वाजवतात. दोन फेऱ्यांत वर्ग गप्प होतो आणि मुलांना मजाही येते. आता तर मागच्या बाकावरचा एक जण स्वतःहून नवे ठेके काढतो. दिवसाला माझं किती ओरडणं वाचलं याची मोजदाद नाही, पण संध्याकाळच्या सा मध्ये ते ऐकू येतं.

सूर उतरतो, त्याचंही थोडं

घसा आवळला की सूरही ढळतो, म्हणून दोन्ही तक्रारी जोडीनेच येतात. रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज पातळ आणि परका वाटेल, कारण एरवी तो आपल्याला हाडांमधूनही ऐकू येतो. त्याने खचू नका. फक्त वरचेच स्वर खाली राहत असतील तर पट्टी किंवा श्वास बघा. सगळंच हळूहळू खाली घसरत असेल तर तुम्ही थकला आहात, वीस मिनिटांवर थांबा. आणि फक्त गंधार पेटीशी जुळत नसेल पण तानपुऱ्याशी जुळत असेल, तर तुमचा गंधार बरोबर आहे. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्यापेक्षा पेटीचा गंधार किंचित चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवलं, त्यामागे पेटीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, काढता येत नाही याबरोबर हेही एक कारण होतं. मला पेटीने माझा सा मिळवून दिला, तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही. पण प्रत्येक स्वर पेटीवर दाबून म्हणायची सवय लागली की कान तानपुऱ्याकडे जातच नाही. म्हणून सुरुवातीला ती विकत घेऊ नका. पट्टी काढायला एक संध्याकाळ कुणाची तरी पुरते.

डॉक्टरांकडे कधी जायचं ते स्पष्ट लिहिते. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला, तर वाट बघू नका. गाताना किंवा गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसलं, श्वास घ्यायला त्रास झाला, मानेत गाठ लागली, तर तीन आठवडेही थांबू नका, लगेच जा. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर आणखी लवकर.

जानेवारीपासून माझा घसा दोनदाच बसला, दोन्ही वेळा सर्दीने. काकांनी पंचमापर्यंतची मर्यादा पंधरा दिवसांनी उठवली आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी एकेक स्वर वाढवू दिला. भूप राग सुरू केला आहे, पाचच स्वर, त्यामुळे प्रत्येकावर रेंगाळता येतं. या आठवड्यात तार रे पर्यंत गेले. तार ग ला ग्लासातले बुडबुडे अजून थांबतात, म्हणून तिथे सध्या जात नाही.